भिंतीवरचा डोंगर

तुम्ही दोघं परत गेलात त्याला दीड महिना झाला. परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, डोंगर बरा आहे ना?" मी म्हटलं, "गुडघे सोडले तर बरा आहे." तुमची आई मागे भांडी लावत होती. तिने विचारलं, "कुठला डोंगर?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला यातलं काहीच ठाऊक नाही. ती तुमच्याबरोबर आली होती खरी, पण संध्याकाळी सात वाजले की तुमच्या कॅनडात सकाळ व्हायची आणि ती दार लावून ऑफिसच्या मीटिंगला बसायची. घरातली सगळी गंमत नेमकी त्याच वेळी होत होती.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते. कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. क्रम चुकलेला मला चालत नाही. थोरलीने हे मोठ्याने वाचावं आणि धाकट्याने ऐकावं. जोडाक्षर अडलं तर आईला विचारावं, अंदाजाने पुढे जाऊ नये.

तुमच्या सुट्टीचं वेळापत्रक मी नोव्हेंबरातच टाइप करून फ्रिजवर लावलं होतं. तीन आठवडे होते. पहिला सातारा, दुसरा सांगली, तिसरा पुन्हा सातारा. तुमच्या आजोबांनी ते टकलावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून वाचलं आणि विचारलं, "सांगलीला एकच?"

"मुलाचं घर इथे आहे," मी म्हटलं.

"मुलगा तर कॅनडात आहे," असं म्हणून ते दूध आणायला गेले.

त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. तुमच्या बाबांच्या लग्नात मी मानपान घेतला नाही, आहेराची साडीसुद्धा हात लावून परत केली होती. त्यामुळे आपण जुन्या वळणाच्या नाही, अशी माझी पक्की समजूत होती. वेळापत्रकाची एक प्रत मी सांगलीलाही पाठवली. तुमच्या सांगलीच्या आज्जीने, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, उलट फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं. मी समजले, मंजूर.

पहिल्या आठवड्यात सगळं वेळेवर झालं. साडेसहाला अजिंक्यतारा चढायचा, साडेआठला न्याहारी, अकराला संग्रहालय. एक दिवस महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी, एक दिवस कासचं पठार. डिसेंबरात कासला फुलं नसतात, नुसतं वाळलेलं गवत असतं. पण मी पुस्तक बरोबर नेलं होतं आणि कुठे कोणतं फूल असतं ते पान काढून दाखवत होते.

धाकट्याने विचारलं, "मग आपण फुलं असताना का नाही आलो?"

"तेव्हा तुमची शाळा असते."

"मग फुलं कोण बघतं?"

"ज्यांना शाळा नाही ते," आजोबा म्हणाले, आणि दोघंही गवतात बसून भेळ खाऊ लागले. भेळ वेळापत्रकात नव्हती.

रोज संध्याकाळी सात ते आठ मराठी वाचन. तुम्ही दोघं मांडी घालून बसायचात, बाराखडी म्हणायचात आणि आठ वाजता "थँक यू, आजी" म्हणायचात. इतके शहाण्यासारखे वागत होतात की मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

मग तुम्ही सांगलीला गेलात. विहीणबाईंचं गाव सांगलीपासून अर्ध्या तासावर, नदीच्या बाजूला. चारी बाजूंनी ऊस. तुमचे तिकडचे आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता ऊस लावतात. त्यांच्याकडे तीन सेलची लांब बॅटरी आहे. टॉर्चला तिकडे बॅटरीच म्हणतात. ती ते कुणाच्या हातात देत नाहीत, असं तुमच्या आईने मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सातला मी व्हिडिओ कॉल लावला. पडदा काळाकुट्ट. आतून हसण्याचे आवाज.

"आजी, कोल्हा बघ, कोल्हा!"

"मला काही दिसत नाही. आधी लाईट लावा."

कुणीतरी लाईट लावला. पांढरी भिंत दिसली, सतरंजीवर तुम्ही दोघं दिसलात, मागे शिलाई मशीनजवळ स्टुलावर विहीणबाई दिसल्या. कोल्हा कुठेच नव्हता.

"गेला," धाकटा म्हणाला. "तू लाईट लावायला सांगितलंस म्हणून गेला."

मग थोरलीने फोन बाजूला नेऊन समजावलं. मशीनवर बॅटरी ठेवतात. तिच्या उजेडात आज्जी हात धरते आणि समोरच्या भिंतीवर कोल्हा येतो. कोल्हा आपल्या उसात राहतो आणि चोरून ऊस खातो. पण आता कारखान्याची तोड येणार आहे. ऊस कापून नेला की कोल्हा लपणार कुठे, ते अजून ठरलेलं नाही. "आजी," ती अगदी सभ्यपणे म्हणाली, "तिसरा आठवडापण आम्ही इथेच राहिलो तर चालेल का? गोष्ट संपली नाहीये."

मी म्हटलं, "बघू." फोन ठेवला आणि फ्रिजसमोर जाऊन उभी राहिले. तिसऱ्या आठवड्यात मी रोजचं सगळं लिहून ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी पुरणपोळी होती. तुम्ही आला नाहीत तर त्या कागदाचं मी काय करणार होते? खरं सांगायचं तर कागदाचं नव्हे, त्या सात दिवसांचं. कॅनडातून तुम्ही दोन वर्षांनी एकदा येता. पुढच्या खेपेला थोरली बारा वर्षांची होईल आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पुस्तक ऐकणार नाही, हे मला कळत होतं.

"त्यांना सावल्या आवडतात ना?" मी आजोबांना म्हटलं. "आपणही सावल्या करू. त्यात काय आहे."

इंटरनेटवरून मी तक्ता काढला. ससा, कुत्रा, हंस, हरीण, अशी बारा चित्रं, खाली बोटं कशी धरायची ते बाणांनी दाखवलेलं. प्रिंट काढून लॅमिनेट करून आणलं. दुपारी हॉलचे पडदे ओढले, आजोबांच्या हातात मोबाईलचा टॉर्च दिला आणि चित्र बघत बघत कुत्रा केला.

"काय आहे सांगा."

आजोबांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. "इस्त्री?"

मी बोटं बदलली. "आता?"

"आता वायरीसकट इस्त्री."

दोन दिवस सराव केला. ससा, कुत्रा, हरीण, सगळ्याची इस्त्री होत होती. उजव्या हाताचं पहिलं बोट संधिवाताने सरळ उभं राहत नाही, त्यामुळे कान म्हणून जो भाग आहे तो येतच नव्हता. तक्त्यात संधिवाताचा उल्लेख नव्हता. शेवटी मी ठरवलं की प्रत्यक्ष हात बघितल्याशिवाय जमणार नाही. पण वरमाईने विहिणीला कसं म्हणायचं, मला शिकवा? म्हणून मी डोळ्यांचं निमित्त केलं. मिरजेच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे आहेत, येताना दोन दिवस तुमच्याकडे येते, असं कळवलं. डोळे खरंच दाखवायचे होते. फक्त ते फेब्रुवारीत दाखवायचे होते.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं. बाहुल्या मोठ्या होतात आणि पाच-सहा तास सगळं धूसर दिसतं, ते औषध. माझा नंबर दुपारी तीनला लागला. संध्याकाळी तुमच्या आज्जीच्या दारात रिक्षातून उतरले तेव्हा मला म्हैस आणि आबा यांच्यात एवढाच फरक कळत होता की आबांनी नमस्कार केला.

सातला सगळे आतल्या खोलीत जमले. मशीनवर घडी घातलेला टॉवेल, त्यावर बॅटरी. तुम्ही दोघं आणि आबा सतरंजीवर. आणि सतरंजीच्या पुढे, खोलीच्या अगदी मधोमध, घरातली एकमेव हातांची लाकडी खुर्ची, वर घोंगडीची घडी.

"या ताई, हितं बसा," विहीणबाई म्हणाल्या.

"मी खाली बसते."

"न्हाई न्हाई. तुमी आन खाली?"

धाकटा काही बोलणार होता. आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी बसले. माझी उंची तुम्हाला माहीत आहे आणि अंबाडाही. बॅटरी लागली, लाईट गेला आणि गोष्ट सुरू झाली. मला धूसर का होईना, भिंतीवर मधोमध एक भला मोठा काळा डोंगर दिसला. वर गोल शिखर, शिखरामागे आणखी एक लहान शिखर.

"तर कोल्ह्यानं काय केलं," विहीणबाई सांगू लागल्या, "उसातनं मुंडी भाईर काढली. बगतोय तर काय, म्होरं डोंगर. काल न्हवता."

सतरंजीवरून खुसखुस ऐकू आली.

"ह्यो डोंगर कुठनं आला म्हनायचा?"

"सातारकडनं," आबा म्हणाले आणि खोकू लागले.

मी तर हात बघायला आले होते आणि हात माझ्या मागे होते. म्हणून मी मान वळवून बघत होते. बॅटरीचा झोत डोळ्यांवर यायचा, आणखीच काही दिसेनासं व्हायचं, मग मी पुन्हा भिंतीकडे वळायचे. प्रत्येक वेळी मुलं हसत होती. म्हणजे तुम्ही. मला वाटलं, गोष्ट रंगली आहे.

"डोंगराला नाक फुटलं," धाकटा म्हणाला.

"वारा सुटलाय, हलतोय त्यो," विहीणबाई म्हणाल्या. "कोल्हा म्हनला, लय मोठा हाय ह्यो. वलांडायचा कसा?"

गोष्ट संपली तेव्हा कौतुक करणं मला भाग होतं. मी मनापासून म्हटलं, "विहीणबाई, कोल्हा चांगला होताच. पण डोंगर फार हुबेहूब जमला. अगदी आमच्या अजिंक्यताऱ्यासारखा."

 मग आबा उठून म्हशीला वैरण घालायला गेले. म्हशीला वैरण सहालाच घालून झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे डोळे स्वच्छ होते. खुर्ची त्याच जागी. बॅटरी लागली, डोंगर आला आणि या वेळी मला डोंगराच्या कडेला चष्म्याची काडी दिसली. शिखरामागच्या लहान शिखरातून एक आकडा बाहेर आला होता. मी अंबाड्यावर हात नेला. डोंगरानेही नेला. मी आकडा आत खोचला, डोंगराने खोचला.

"आजी," धाकटा हळूच म्हणाला, "तो डोंगर तू आहेस. कालपण तूच होतीस."

मी जन्मात इतकी ओशाळले नव्हते. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"आवं ताई, वरमाईला उटा म्हनायचं कुनी?" विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा कोल्हा अजून भिंतीवर होता आणि बोलता बोलता त्याचंच तोंड उघडत होतं.

"मग खुर्ची मागे लावायची होती."

"तुमची खुर्ची मागं लावायची व्हय? भिताडाला? लोकं काय म्हनतील?"

"इथे लोक कुठे आहेत? आबा आणि दोन मुलं."

"मी तर हाय न्हवं," त्या म्हणाल्या.

मी उठू लागले. तेवढ्यात धाकट्याने माझा पदर धरला. "आजी, नको ना उठू. उद्या गोष्टीत तोड येणार आहे. तू गेलीस तर कोल्हा कुठे लपणार?"

मी पुन्हा बसले. कोल्ह्याने डोंगर हुंगला, पायथ्याशी फिरून आला आणि शेवटी वर चढून अंबाड्याच्या मागे झोपला. त्याचे नुसते कान दिसत होते. तो जागा होऊ नये म्हणून मी हललेच नाही. पासपोर्टच्या फोटोलाही मी इतकी स्थिर बसले नव्हते. डावा पाय पार बधिर झाला, पण धाकटा शेवटी म्हणाला, "बरं झालं तू आलीस," आणि मला तक्त्यातला एकही प्राणी न करता हे ऐकायला मिळालं.

सकाळी विहीणबाई अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. मीही मांडी घालून बसले. त्यांनी खुर्चीसाठी हाक मारली, मी नको म्हटलं.  मग थोरली आली आणि आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहिली.

"मी दोघींना एकदम विचारते, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या आठवड्यात आम्ही इथे राहू का?"

मी काही बोलायच्या आत विहीणबाईच म्हणाल्या, "आसं कसं बाळा? कागदावर लिवलंय न्हवं. रविवारी सातारला जायाचं." त्यांनी आतल्या भिंतीकडे बोट केलं. माझं वेळापत्रक त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला लावलं होतं, देवाच्या फोटोशेजारी. थोरली "ओके" म्हणून गेली. विहीणबाई भाजी निवडत राहिल्या. मी बघितलं, त्या काड्या भाजीत टाकत होत्या आणि पानं कचऱ्यात.

ती पानं मी उचलून परत भाजीत घातली. मग म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही साताऱ्याला कधी राहिलाच नाहीत."

"आलोय की. बारशाला आलोतो दोनी येळंला. संध्याकाळच्या एस्टीनं माघारी."

"पण राहिला का नाहीत?"

"आमच्यात लेकीच्या सासरी मुक्काम करीत न्हाईत."

हे मला ठाऊक होतं आणि बारा वर्षं मी ते त्यांच्याच खात्यावर टाकून मोकळी झाले होते. जुन्या वळणाची माणसं, आपण काय करणार. पण त्या पुढे म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "आन तुमी बी कवा ऱ्हावा म्हनला न्हाईसा."

मी आठवून बघितलं. चहा घेऊन जा, म्हटलं होतं. जेवून जा, म्हटलं होतं. पुन्हा या, हे तर फाटकापर्यंत जाऊन म्हटलं होतं. राहा म्हटलेलं मला एकदाही आठवलं नाही. साडी परत केली म्हणजे मानपान संपला, असं मी धरून चालले होते. इकडे मी बारा वर्षं वरमाईच्या खुर्चीवर बसलेलीच होते आणि कुणी मला उठा म्हणत नव्हतं.

"रविवारी तुम्ही चला," मी म्हटलं. "मुक्कामाला. पूर्ण आठवडा."

त्यांचा हात थांबला. "मी?"

"मुलांबरोबर. कोल्ह्याला घेऊन."

"आन म्हस?"

"जा की गं," गोठ्यातून आबांचा आवाज आला. सगळं ऐकत होते. "म्हशीला काय तूच लागतियास व्हय?"

"आन जेवाय काय करशिला?"

"चपात्या करतो. पलटनीत सगळ्या कंपनीला चपात्या केल्यात म्या."

"त्या खाऊन कंपनी पळाली आसंल," विहीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुमच्या सायबास्नी इचारलंसा का?"

तुमच्या आजोबांना मी तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "अरे वा. मग फ्रिजवर काय लिहू?" मी म्हटलं, काही लिहू नका. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

रविवारी आम्ही सगळे गाडीने साताऱ्याला आलो. विहीणबाईंच्या पिशवीत शेंगा, काकवीची बाटली, हरभऱ्याची भाजी आणि टॉवेलात गुंडाळलेली तीन सेलची बॅटरी. आबांनी ती स्वतः आणून दिली होती. "नवं सेल घातल्यात," ते म्हणाले. "पाडू नगा." मग निघताना गाडीच्या काचेतून पुन्हा एकदा म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी सातला मी हॉल तयार केला. जेवणाच्या टेबलावर बॅटरी, समोरची भिंत मोकळी केली, कॅलेंडर उतरवलं. आणि आजोबांनी, त्यांना काहीच ठाऊक नसल्यामुळे, घरातली सगळ्यात चांगली खुर्ची आणून हॉलच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "विहीणबाई, बसा."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. खुर्ची मागे लावा, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण बारा वर्षांनी पहिल्यांदा मुक्कामाला आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची आणि ती भिंतीला लावून? माझ्याच्याने झालं नाही.

"बसा," मी म्हटलं.

त्या बसल्या. पदर डोक्यावर घेतला, मग जरा वर ओढून त्याला टोक काढलं. मला अंबाड्याने जमला नव्हता इतका सुबक डोंगर भिंतीवर उभा राहिला.

आता हात कुणी करायचे? कोल्हा थोरलीने केला. सांगलीत ती रोज शिकत होती, हे मला तेव्हा कळलं. गोष्ट डोंगराने स्वतःच सांगितली. ऊस तोडून नेला, कोल्हा डोंगर चढून उतरून साताऱ्यात आला आणि गावाच्या वेशीवर त्याला कुत्रा भेटला.

"म्हंजी तुमी, ताई," डोंगर म्हणाला.

मी हात जोडून बोटं धरली, तक्त्यात होती तशी.

"इस्त्री," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तो कुत्रा आहे," धाकटा म्हणाला. मग त्याने जरा निरखून पाहिलं. "आहे ना?"

"ताई, हात सैल सोडा," विहीणबाई मागे न वळता म्हणाल्या. सावलीवरूनच त्यांना सगळं कळत होतं. "तुमी बोटं रांगंत हुबी केल्यासा. शाळंत हाय का त्यो कुत्रा?"

मी हात सैल सोडले. जबडा हलला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातातून एक प्राणी बाहेर येत होता. पण डोकं तसंच गुळगुळीत. कानाचं बोट काही केल्या उठेना. कोल्हा वाट बघत उभा होता. थोरलीचे हात भरून आले असणार, पण तिने कोल्हा खाली घेतला नाही. मीच म्हणणार होते की आज इतकंच पुरे.

तेवढ्यात डोंगराच्या बाजूने एक बोट वर आलं. विहीणबाईंनी खुर्चीवर बसल्या बसल्या हात जरासा उचलला होता. त्या भिंतीच्या जवळ होत्या, त्यामुळे त्यांच्या बोटाची सावली लहान पडली, नेमकी कानाच्या मापाची. बोट थोडं डावीकडे सरकलं, थोडं खाली आलं आणि माझ्या कुत्र्याच्या डोक्यावर जाऊन उभं राहिलं. मग जरा वाकलं, कुत्रा ऐकताना कान वाकवतो तसं.

"कुठला रं तू?" मी कुत्र्याच्या आवाजात विचारलं. मला ते सांगलीच्या बोलीत का सुचलं, सांगता येत नाही.

"सांगलीचा," कोल्हा म्हणाला. "आठवडाभर राहू का?"

"राहा," कुत्रा म्हणाला.

आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "आता इस्त्री वाटत नाही," ते म्हणाले.

त्या आठवड्यात अजिंक्यतारा एकदाच चढला गेला आणि वाचनाचा तास एकदाही झाला नाही. पुरणपोळी मात्र झाली. ती दोघींनी मिळून केली आणि कुणाचं पुरण सैल यावरून दोघी पाऊण तास बोलत नव्हतो, हे तुम्हाला आता सांगायला हरकत नाही.

तुम्ही विमानतळाकडे निघालात त्या दिवशी विहीणबाईही जाणार होत्या. पण त्यांच्या उसाला तोडीची टोळी दोन दिवस उशिरा येणार असल्याचा आबांचा फोन आला, म्हणून मी म्हटलं, राहा. आता ते म्हणायला मला जमायला लागलं आहे. संध्याकाळी सात वाजले आणि सवयीने मी हॉलचा लाईट घालवला. बॅटरी लावली. भिंत रिकामी.

"आता दावायचं कुनाला?" विहीणबाई म्हणाल्या.

"मी आहे की," म्हणत तुमचे आजोबा आतून आले आणि मधोमध खुर्ची ओढून ऐटीत बसले.

भिंतीवर डोंगर उभा राहिला. गोल, गुळगुळीत, चकचकीत कडेचा. आम्ही दोघी मागे टेबलाजवळ उभ्या होतो. विहीणबाईंनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, ह्या डोंगरावर झाडं न्हाईत. कोल्हा लपवायचा कुटं?"